शाईच्या परीक्षणांची छोटी साइट : वर्डप्रेसवरून ह्यूगोवर हलवतानाच्या नोंदी

४ जानेवारी : मोजदाद

साइट फाउंटन पेनच्या शायांची. तीनशेच्या आसपास परीक्षणं, चारेक हजार फोटो, एकहाती कारभार. वर्डप्रेस (ब्राउझरमधून लिहून साइट चालवायची प्रणाली), वीसेक प्लगिन (तिला जोडायचे छोटे प्रोग्राम), सामायिक होस्टिंग. हलवायचं कारण वेग नव्हे, देखभाल. काहीतरी अपडेट होतं आणि गुणांची चौकट, तुलनेचा तक्ता किंवा फोटोंची मांडणी यांपैकी एक मोडतं. परीक्षण लिहायचा वेळ प्लगिनमागे जातो. आता पानं आपल्याच संगणकावर ह्यूगो या प्रोग्रामने तयार करायची आणि सर्व्हरवर नुसत्या फाइली ठेवायच्या.

काहीही हलवण्याआधी तीन याद्या लागतात: चालू असलेला प्रत्येक पत्ता, प्रत्येक मूळ फोटो, बाहेर जाणारी प्रत्येक लिंक. पत्त्यांसाठी साइटमॅपवर, म्हणजे साइट शोधयंत्रांना देते त्या पानांच्या यादीवर, विसंबू नये. लोक खरोखर कुठल्या पत्त्यावर येतात ते सर्व्हरच्या लॉगमध्ये (येणाऱ्या प्रत्येक विनंतीच्या नोंदीत) आणि गूगल सर्च कन्सोलमध्ये (गूगलच्या शोधातली आपल्या साइटची आकडेवारी) दिसतं. दोन्ही एकत्र केल्यावर यादी साइटमॅपच्या जवळजवळ दुप्पट झाली. वाढलेल्यांत फोटोंची स्वतंत्र पानं, टॅगची पानं, फीड (फीड-रीडरसाठी नव्या लेखांची यादी) आणि लेखाचा नुसता क्रमांक असलेले जुने छोटे पत्ते.

वर्डप्रेसची एक्स्पोर्ट फाइल पुरत नाही. तिच्यात मजकूर येतो, फोटोंचे पत्ते येतात, फोटो येत नाहीत. प्लगिनने डेटाबेसमध्ये स्वतःचा वेगळा तक्ता केला असेल तर तोही येत नाही, आणि इथे सगळे गुण नेमके तसल्या तक्त्यात होते. म्हणून पूर्ण डेटाबेसचा डंप, म्हणजे एका फाइलीतली प्रत, आणि अपलोड्सचं अख्खं फोल्डर घेतलं.

७ जानेवारी : डंपमधली मराठी बिघडली

डंप उघडला तर प्रत्येक देवनागरी खुणेच्या जागी तीन-तीन परकी चिन्हं. साइटवर सगळं ठीक दिसत असल्यामुळे संशय डंप घेणाऱ्या प्रोग्रामवर जातो, आणि तिथे वेळ फुकट जातो. खरं कारण असं: तक्त्यांवर अक्षरसंचाचं लेबल लॅटिन-१चं (रोमन लिपीपुरता जुना संच), आतले बाइट मात्र यूटीएफ-८चे (सगळ्या लिप्यांसाठीचा). जुनी साइट ते बाइट तसेच उचलून तसेच पाठवत होती, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येण्यासारखं काही नव्हतं. डंप घेताना मात्र डेटाबेस त्यांना लॅटिन समजून पुन्हा एकदा यूटीएफ-८मध्ये बदलतो.

मार्ग दोन. डंप घेताना अक्षरसंच मुद्दाम लॅटिन-१ सांगायचा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर पडतात. मग फाइलमधली सगळी लेबलं यूटीएफ८एमबी४ (चार बाइटांपर्यंतचं पूर्ण यूटीएफ-८) करून ती रिकाम्या डेटाबेसमध्ये भरायची. किंवा स्तंभ आधी बायनरी प्रकारात नेऊन तिथून यूटीएफ८एमबी४मध्ये आणायचा. लॅटिनमधून थेट यूटीएफ८एमबी४ केलं तर बिघाड आत पक्का बसतो. पहिला मार्ग घेतला, कारण त्यात मूळ डेटाबेसला हात लागत नाही.

नुसतं 'यूटीएफ८' निवडू नये. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्याची मर्यादा तीन बाइटांची आहे. देवनागरी तीन बाइटांत बसते म्हणून सगळं चालल्यासारखं वाटतं. पहिली इमोजी आली की एकतर एरर येतो, नाहीतर स्ट्रिक्ट मोड (न बसणारा मजकूर नाकारणारी सेटिंग) बंद असल्यास मजकूर तिथेच तुटतो आणि पुढचा परिच्छेद गायब होतो.

११ जानेवारी : पत्ते

सगळ्यात जास्त काम इथे आहे. जुने पत्ते देवनागरी होते. ब्राउझरमध्ये ते छान दिसतात, पण तारेवरून जाताना देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे मात्रा, अनुस्वार, हलन्तसुद्धा, नऊ चिन्हांची होते. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० चिन्हांपर्यंत जागा देतं. २०० भागिले नऊ, म्हणजे जेमतेम २२ खुणा. त्यामुळे लांब शीर्षकांचे पत्ते अर्ध्या शब्दावर कापलेले होते, आणि एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतल्या शायांचे पत्ते कापल्यावर सारखेच होऊन शेवटी २, ३, ४ असे आकडे लागले होते. पत्त्यावरून शाई ओळखणं अशक्य.

नवे पत्ते रोमन लिपीत, छोटे: कंपनी, मग शाईचं नाव. शीर्षक मराठीच. यावर मतभेद असू शकतात. देवनागरी पत्ता शोधयंत्राला चालतो, पण तो कुठे चिकटवला की टक्केचिन्हांची दीड ओळ होते आणि ईमेलमध्ये मध्येच तुटते.

ह्यूगोमध्ये जुना पत्ता 'एलियस' म्हणून लिहायची सोय आहे. ती वापरली नाही. तिने खरा ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे 'हे पान कायमचं हललं' असं सर्व्हरचं उत्तर, होत नाही. वाचकाला पुढे ढकलणारं एक छोटं एचटीएमएल पान तयार होतं. त्याऐवजी एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये जुना-नवा अशी जोड्यांची मॅप फाइल केली. ती करताना अडलेल्या गोष्टी:

मॅपमध्ये 'यूआरआय' हे चल (मागितलेला पत्ता धरणारं) वापरलं तर सर्व्हर टक्केचिन्हं उलगडून देतो, म्हणून फाइलीत पत्ते सरळ देवनागरीत लिहायचे. 'रिक्वेस्ट यूआरआय' वापरलं तर उलगडत नाही. दोन्हीची सरमिसळ झाली की एकही जोडी जुळत नाही, आणि एररही येत नाही.

लांब पत्त्यांमुळे सर्व्हर सुरूच होईना. मॅपच्या हॅश-बकेटचा (जोड्या ठेवायच्या कप्प्याचा) आकार वाढवा असा संदेश. बहुतेक यंत्रांवर तो ६४ बाइट असतो. २५६ केल्यावर चालू झाला.

प्रश्नचिन्हानंतर क्रमांक असलेले पत्ते 'यूआरआय'मध्ये दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी क्रमांकावर चालणारा दुसरा मॅप लागतो.

पहिले काही दिवस सगळं ३०२, म्हणजे 'तात्पुरतं हललं', ठेवलं. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, त्यामुळे चुकीची जोडी दुरुस्त केली तरी आपल्याच ब्राउझरला जुनंच उत्तर दिसत राहतं आणि दुरुस्ती लागू झाली की नाही तेच कळत नाही. यादी पूर्ण तपासून झाल्यावर ३०१. जी पानं मुद्दाम काढली त्यांना ४१० ('कायमचं काढलं'). उरलेलं सगळं मुखपृष्ठावर वळवण्याचा मोह टाळावा. एखाद्या शाईची माहिती शोधत आलेल्या माणसाला मुखपृष्ठाचा काही उपयोग नसतो.

१७ जानेवारी : फोटो

आधी मूळ फोटो वेगळे काढले. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या अनेक प्रती करतं आणि नावापुढे रुंदी-उंची लावतं. त्या सगळ्या टाकायच्या. २०१९ मधल्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची लहान प्रत करून तिच्या नावापुढे 'स्केल्ड' लावलं जातं, आणि लेखात तीच वापरली जाते. मूळ फाइल शेजारीच असते. नावावरून आंधळेपणाने गाळलं तर मूळ जाऊन लहान प्रत हाती राहते.

मग सफाई. फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असतात. घरच्या टेबलावर काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे घराचा पत्ता. ही माहिती काढायलाच हवी. पण इमेजमॅजिक या फोटो बदलणाऱ्या प्रोग्रामला नुसतं 'स्ट्रिप' (सोबतची माहिती काढ) सांगितलं की दोन गोष्टी सोबत जातात. एक, फोटो कसा धरला होता त्याची खूण. ती गेली की उभे फोटो आडवे होतात. दोन, रंगांचं प्रोफाइल. बऱ्याच फोनचे फोटो डिस्प्ले पी३ या रुंद रंगपटात असतात. प्रोफाइल गेलं की ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे (वेबच्या नेहमीच्या रंगपटाचे) समजतो आणि लाल-हिरव्या छटा फिक्या पडतात. प्रवासाच्या साइटवर हे खपेल, शाईच्या परीक्षणात नाही. तिथे रंग हीच बातमी आहे. क्रम असा: आधी फोटो सरळ करणं, मग एसआरजीबीमध्ये रूपांतर, मग लहान करणं, आणि सगळ्यात शेवटी स्ट्रिप.

वेबपी या फोटोच्या फाइल-प्रकारात एक खोच निघाली. त्याच्या नेहमीच्या, म्हणजे माहिती गाळणाऱ्या प्रकारात रंगाचा तपशील आडवा आणि उभा दोन्हीकडे निम्मा साठवला जातो. निसर्गचित्रात फरक कळत नाही. पांढऱ्या कागदावर लाल शाईची बारीक रेघ असेल तर मात्र कडेला पुसट लाल झाक येते, आणि वाचकाला वाटतं शाई कागदावर फुटली. परीक्षणात लिहिलंय 'अजिबात फुटत नाही' आणि फोटो उलट सांगतोय. आता लेखनाच्या नमुन्याचे जवळून घेतलेले फोटो पूर्ण रंगतपशिलाच्या जेपेगमध्ये, ४:४:४, दर्जा ८५च्या आसपास. बाकीचे वेबपीमध्ये, 'शार्प वाययूव्ही' (रंगांच्या कडा जपणारा पर्याय) चालू ठेवून. फाइली थोड्या जड होतात, होऊ देत.

प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहिली, नाहीतर पान उघडताना मजकूर खालीवर उड्या मारतो. आळशी लोडिंग (फोटो पडद्याजवळ आल्यावरच उतरवणं) पहिल्या फोटोला लावू नये. थीममध्ये (साइटच्या तयार साच्यात) ते सरसकट लावलेलं होतं आणि पान मोबाइलवर उगाच उशिरा भरत होतं.

फोटोंची नावं: सगळी लहान रोमन अक्षरं. शेवटचं 'जेपीजी' मोठ्या अक्षरांत असलेले फोटो विंडोजवर दिसतात, लिनक्स सर्व्हरवर ४०४ ('पान सापडलं नाही'), कारण तिथे लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात.

२४ जानेवारी : गुणांचं काय करायचं

जुन्या परीक्षणांना पाचपैकी तारे, नंतरच्यांना दहापैकी गुण. दुप्पट करून भागत नाही. पाच ताऱ्यांच्या काळात तीनच्या खाली क्वचितच काही गेलं होतं, म्हणजे दुप्पट केल्यावर सगळं सहा ते दहात. जे मोजलं नाही त्याचा आकडा नंतर तयार करता येत नाही. एकूण गुण काढून टाकले. ठेवलं ते मोजता येण्यासारखं: वाळायला किती सेकंद, शाई फुटणं ० ते ३, पाठीमागे उमटणं ० ते ३, पाण्यात टिकणं ० ते ३, शिवाय झळाळी आहे की नाही.

प्रत्येक परीक्षणाच्या माथ्यावर यासोबत कागद, निब, नमुना विकत घेतला की फुकट आला, आणि कधी तपासला हे सक्तीचं. कागदाच्या बाबतीत नाव पुरेसं नाही. टोमोए रिव्हरचं उदाहरण घ्या: ५२ जीएसएमचा (ग्रॅम प्रति चौरस मीटर) हा कागद शाईवाल्यांचा लाडका, पण २०२१ नंतर त्याचं उत्पादन दुसऱ्या कंपनीकडे गेलं. आधीच्या आणि नंतरच्या कागदावरच्या चाचण्या एकाच तक्त्यात शेजारी ठेवायच्या असतील तर कुठला गठ्ठा ते लिहिलेलं हवं.

साच्यात एक वाईट चूक निघाली. ह्यूगोच्या टेम्प्लेटमध्ये 'आकडा असेल तर दाखव' असं लिहिलं की शून्य हाही 'नाही' धरला जातो. परिणामी ज्या शाया अजिबात फुटत नाहीत त्यांच्याच तक्त्यात ती ओळ गायब, आणि टुकार शायांचा तक्ता भरगच्च. उपाय: किंमत तपासायची नाही, 'इझ सेट'ने रकाना आहे की नाही तेवढंच तपासायचं, तेही रकान्याचं नाव लहान अक्षरांत देऊन. जुन्या परीक्षणांत जे मोजलेलं नाही तिथे 'नोंद नाही' असं स्पष्ट छापतो.

चाचणीची पद्धत एका वेगळ्या पानावर ठेवून प्रत्येक परीक्षणातून तिथे लिंक दिली. मुद्दे थोडेच: तोच पेन, तीच निब. आधीची शाई पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची आणि पेनची फीड (निबखालची, शाई पोचवणारी पट्टी) पूर्ण सुकू द्यायची, नाहीतर उरलेल्या पाण्याने पहिलं अर्धं पान फिकं येतं. दर पाच सेकंदांनी एका रेघेवरून बोट फिरवायचं. आयर्न गॉल, म्हणजे लोहक्षारांच्या, शाईचा फोटो लिहिल्या लिहिल्या आणि दुसऱ्या दिवशी असा दोनदा, कारण ती हवेत गडद होत जाते. चमकीच्या शाया सगळ्यात शेवटी. त्यांची चमकी फीडमधून सहज निघत नाही.

३० जानेवारी : फॉन्ट आणि दोन प्रकारचे ऱ्य

देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे जड असतो, म्हणून त्यातली नको ती अक्षरं कापायची. कापताना फक्त देवनागरीचा पट्टा, ०९०० ते ०९७एफ, घेतला तर शून्य रुंदीची जोडखूण आणि तोडखूण बाहेर राहतात. त्यांचे कोड २००डी आणि २००सी. कापणाऱ्या साधनाने जोडाक्षरांचे नियम उडवले तर 'क्ष' सुटा होऊन पाय मोडलेला दिसतो. कापल्यावर एक चाचणीचं पान उघडून बघावं: क्ष, ज्ञ, श्र, ट्र, द्ध, ह्य, ऱ्हास, ॲप, कॉ. पानाची भाषा 'एमआर' लिहावी. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तिथे ते भाषेच्या खुणेवरूनच निवडले जातात.

साइटच्या शोधात 'दुसऱ्या' हा शब्द निम्म्या लेखांत सापडेना. कारण डोळ्यांना न दिसणारं. काही लेखांत तो ऱ आणि हलन्त असा टंकलेला, काहींत र, हलन्त आणि जोडखूण असा. दिसायला दोन्ही सारखे. यूनिकोडचं एनएफसी रूप (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या कोडरचना एकसारख्या करणं) केल्याने हा फरक जात नाही. शोधा-बदला वेगळं चालवावं लागलं. ते मजकुरावरच चालवलं आणि शोधपेटीत येणाऱ्या शब्दावरही.

२ फेब्रुवारी : प्रकाशित केलेलं दिसेना

सकाळी लिहिलेलं परीक्षण साइटवर नाही, एररही नाही. ह्यूगो भविष्यातल्या तारखेची पानं गाळतो, आणि वेळेपुढे वेळक्षेत्र लिहिलेलं नसेल तर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो. यूटीसीच्या पुढे राहणाऱ्याची आत्ताची वेळ त्याच्या लेखी अजून यायची असते. सेटिंगमध्ये वेळक्षेत्र एकदा लिहून टाकलं.

८ फेब्रुवारी : दुकानांच्या लिंका

कमिशनच्या लिंकांना 'स्पॉन्सर्ड' खूण (ही मोबदल्याची लिंक आहे असं शोधयंत्राला सांगणारी). गूगलने ती २०१९ मध्ये आणली. लिंकेतून पैसे मिळतात हे वाक्य तळाशी नाही, परीक्षणाच्या वर. लिंका मजकुरात न ठेवता एका डेटा फाइलीत, शाईच्या नावापुढे, म्हणजे दुकानाने पत्ता बदलला की एकाच जागी दुरुस्ती. आपल्याच साइटच्या पत्त्यावरून वळवून नेणंही सोयीचं असतं, पण काही योजनांच्या अटींत ते बसत नाही. अटी आधी वाचाव्यात.

मेलेल्या लिंका शोधणारा प्रोग्राम लावला. त्याचा निकाल जसाच्या तसा खरा मानू नये. बरीच दुकानं बंद झालेल्या मालाच्या पानावरून मुखपृष्ठावर नेतात आणि २०० ('सगळं ठीक') देतात. प्रोग्रामला सगळं आलबेल. म्हणून शेवटी कुठल्या पत्त्यावर पोचलो ते मूळ पत्त्याशी ताडून पाहायला लावलं. उलट काही सर्व्हर नुसतं 'हेड' (पान न मागता फक्त त्याची माहिती) विचारलं की ४०५ किंवा ४०३ (नकार) देतात आणि ब्राउझरमध्ये तेच पान नीट उघडतं. तसल्या हाताने तपासल्या.

त्याच बैठकीत शोधयंत्रांसाठीची परीक्षणाची खूणमांडणी. एकूण गुणच काढले असल्यामुळे तिच्यातही गुण नाहीत. पानावर वाचकाला न दिसणारा आकडा तिथे घालणं नियमाबाहेर आहे. ताऱ्यांची ओळ निकालात दिसणार नाही हा तोटा मान्य. ज्यांना दहापैकी गुण ठेवायचे आहेत त्यांनी 'बेस्ट रेटिंग' १० लिहायला विसरू नये. न लिहिल्यास गूगल ५ धरतो.

१४ फेब्रुवारी : नव्या सर्व्हरवर

आदल्या दिवशी डीएनएसचा (डोमेनवरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, ३०० सेकंद केला. तो ऐन वेळी कमी करून उपयोग नाही. जुना आकडा जगभर साठवलेला असतो. नेमसर्व्हर बदलताना साइटची नोंद आठवते, ईमेलच्या एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी राहून जातात. साइट झकास चालू आणि टपाल बंद, हे कुणी कळवूही शकत नाही. जुन्या नोंदींची यादी समोर ठेवून एकेक नवीकडे चढवावी.

लेट्स एन्क्रिप्टचं फुकट एचटीटीपीएस प्रमाणपत्र ९० दिवसांचं. नूतनीकरण आपोआप होतं, पण फाइल ठेवून तपासण्याच्या पद्धतीत ८० क्रमांकाचा पोर्ट उघडा लागतो. 'आता सगळं एचटीटीपीएसच' म्हणून तो बंद केला की नूतनीकरण गुपचूप अडतं. मुदत संपत आल्याचे ईमेल जून २०२५ पासून बंद झालेत, त्यामुळे तारखेवर नजर ठेवणारी आपली तपासणी हवीच.

१६ फेब्रुवारी : फीड

फीडचा जुना पत्ता नव्याकडे वळवला होता. तरी वाचकांच्या फीड-रीडरमध्ये जुनी परीक्षणं 'नवीन' म्हणून एकदम येऊन पडली. पत्ता बदलल्यामुळे नव्हे, प्रत्येक लेखाची ओळखखूण बदलल्यामुळे. जुन्या लेखांच्या माथ्यावर वर्डप्रेसची मूळ खूण लिहून फीडच्या साच्यात तीच छापायला हवी. हे स्विच करण्याच्या आधी करावं. नंतर केलं तर तीच परीक्षणं पुन्हा एकदा नवीन होतात. म्हणून आता तसंच सोडून दिलं.

२६ फेब्रुवारी : लॉग

४०४ची यादी रोज पाहिली. सुटलेल्या जोड्यांत टॅगची पानंच जास्त. बाकीचा गोंगाट म्हणजे वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधणारे बॉट. त्यांच्याकडे लक्ष द्यायचं कारण उरलं नाही.

क्रॉलरांचा (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामांचा) भार मात्र खरा. जुन्या साइटवर कंपनी, रंग आणि कागद यांच्या गाळण्या पत्त्यांतून चालायच्या, म्हणजे प्रत्येक मिश्रणाचं एक पान, आणि क्रॉलर त्या चक्रात फिरत बसायचे. नव्या साइटवर गाळणी ब्राउझरमध्येच चालते, वेगळा पत्ता तयार होत नाही. जुन्या गाळण्यांच्या पत्त्यांना ४१०. रोबोट्स फाइलीत (क्रॉलरांसाठीच्या मनाईच्या यादीत) अडवून ते निकालांतून जात नाहीत; अडवलेलं पान क्रॉलर उघडतच नाही, मग ते गेलंय हे त्याला कळणार कसं? गूगलबॉट म्हणवणाऱ्या प्रत्येकावर विश्वास नको, आयपी पत्त्यावरून उलट डीएनएस (त्या पत्त्यामागचं डोमेन) पाहिलं की तोतये सापडतात.

८ मार्च : बॅकअप उघडून पाहिला

कोऱ्या यंत्रावर फक्त बॅकअपमधून साइट उभी केली. मजकूर आणि साचे गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) होते, मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर. दोन गोष्टी कुठेच नव्हत्या: एन्जिनएक्सची मॅप फाइल आणि ह्यूगोची नेमकी आवृत्ती. नव्या आवृत्तीत जुन्या थीमने पान बांधायलाच नकार दिला. मॅप फाइल गिटमध्ये घातली, आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवला आणि तिचा प्रोग्रामही सोबत जपला. डोमेनचं लॉगिन आणि दुहेरी पडताळणीचे राखीव कोड कागदावर.

२० मार्च : खर्च आणि उरलेलं

होस्टिंगचा खर्च आता नगण्य. स्थिर पानांना सगळ्यात छोटा सर्व्हर पुरतो. डोमेनचा पहिल्या वर्षाचा भाव पाहून फसू नये, नूतनीकरणाचा भाव पाहून नोंदणीदार निवडावा. खरा पैसा कागद आणि शाईच्या नमुन्यांत जातो. दोन-तीन मिलीचा नमुना एका परीक्षणाला पुरतो, पूर्ण दौत घ्यायचं कारण नाही. मात्र पुन्हा तपासणीसाठी अर्धा मिली बाजूला ठेवावा, घट्ट झाकणाच्या कुपीत, वर तारीख लिहून.

राहिलेलं काम: २०२१च्या आधीच्या परीक्षणांतल्या कागदांच्या खुणा भरणं, पी३ प्रोफाइल आधीच गमावलेले फोटो नव्याने काढणं, आणि ज्या शायांचं उत्पादन थांबलंय त्यांच्या पानांवर तसं लिहून दुकानाच्या लिंका काढणं. ती पानं उडवायची नाहीत. जुनी दौत हाती लागलेली माणसं तीच शोधत येतात.